केस, कायदा आणि फुटबॉल

सप्टेंबर २००१ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो राज्याच्या फुटबॉल संघटनेने महिलांच्या राज्य स्पर्धेसाठी खेळाडू निवडण्याचे काही निकष ठरविले. खेळाडू सतरा ते तेवीस वर्षे वयाच्या असाव्यात, दिसायला आकर्षक असाव्यात, आणि डोके मुंडलेल्या मुलींना स्पर्धेत स्थान असू नये, असे त्या निकषांचे स्वरूप होते. पुरुष प्रेक्षकांना मैदानाकडे ओढून आणण्यासाठी खेळाडूंच्या सौंदर्याला उठाव द्यावा, अशी भाषा स्पर्धेच्या आराखड्यात होती. हा सगळा प्रकार एका मोठ्या दैनिकाने उजेडात आणला, तेव्हा संघटनेच्या अध्यक्षांनी त्याचा इन्कार केला नाही. फुटबॉल आणि स्त्रीत्व यांची सांगड घालण्याचा आपला प्रयत्न आहे, अशा अर्थाचे समर्थनच त्यांनी केले.

या निकषांच्या कसाला त्या वेळची ब्राझीलची सर्वांत नावाजलेली महिला फुटबॉलपटू लावून पाहिली, तर काय दिसते? तिचे नाव सिसलेइदे दो आमोर लिमा. साऱ्या जगाला ती सिसी या नावाने ठाऊक आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९९९ च्या महिला विश्वचषक स्पर्धेत, तिने सात गोल करून चीनच्या सुन वेन हिच्या बरोबरीने सर्वाधिक गोलांचा मान मिळविला होता; आणि ती संपूर्ण स्पर्धा ती मुंडलेल्या डोक्याने खेळली होती. २००१ मध्ये तिचे वय चौतीस होते. म्हणजे ज्या देशासाठी ती खेळली, त्याच देशातील एका राज्यस्पर्धेच्या दारात ती वयाच्याही नियमाने अडली असती आणि केसांच्याही.

हा निकष वाचून प्रथम हसू येते. परंतु तो हसण्यावारी नेण्याजोगा आहे, असे आम्हांला वाटत नाही. त्याच्या मागे सुमारे शंभर वर्षांची परंपरा उभी आहे. स्त्रीने फुटबॉल खेळू नये असे म्हणणाऱ्यांनी आपली कारणे वेळोवेळी बदलली. आधी म्हटले, तिचे शरीर नाजूक आहे. मग म्हटले, खेळताना ती शोभत नाही. आणि एवढे करूनही खेळ थांबत नाही असे दिसल्यावर म्हटले, खेळायचेच असेल तर निदान बघण्याजोगी दिस. कारणे बदलली, गृहीत मात्र तेच राहिले: स्त्रीच्या शरीराविषयीचा अखेरचा शब्द तिचा नसून दुसऱ्या कोणाचा तरी आहे. सिसीचे मुंडलेले डोके या गृहीतालाच आडवे गेले. ते कसे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जाऊन इंग्लंडपासून आरंभ करावा लागेल.

२३ मार्च १८९५ रोजी उत्तर लंडनमधील क्राउच एंड येथे ‘ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब’च्या दोन संघांमध्ये सामना झाला. उत्तर लंडनच्या संघाने दक्षिणेचा ७-१ असा पराभव केला. हा खेळ पाहण्यास दहा हजारांहून अधिक लोक जमले होते. क्लबच्या चिटणीस नेटी हनीबॉल या नावाने वावरत. ते टोपणनाव असावे असे मानले जाते. अध्यक्षपदी लेडी फ्लॉरेन्स डिक्सी होत्या. स्कॉटलंडच्या उमराव घराण्यातील या बाईंनी पहिल्या बोअर युद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत जाऊन एका लंडनच्या दैनिकासाठी वार्ताहराचे काम केले होते. स्त्रियांच्या पोशाखात सुधारणा झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रहाचा विषय होता. कंबर आवळणारी कॉर्सेट आणि घोळदार झगे बाजूला सारून सैल तुमान, सदरा, टोपी आणि नडगीरक्षक अशा वेषात मुली मैदानात उतरल्या, त्यामागे ही भूमिका होती.

दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांतून जे छापून आले, त्यात खेळापेक्षा या वेषाचीच चर्चा अधिक होती. कोणाची तुमान किती सैल, कोणाचे पाय कसे, कोण पळताना बेढब दिसली, हे वाचकांना तपशीलवार कळले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने स्त्रियांच्या फुटबॉलविरुद्ध मत दिले होते. ज्या अवयवांना स्त्रिया सर्व प्रकारे जपत आल्या आहेत, त्यांना असा मार बसू देणे वैद्यकाला मान्य होण्यासारखे नाही, असा त्याचा आशय होता. अशा रीतीने वैद्य आणि वार्ताहर, दोघेही पहिल्या दिवसापासून या खेळाच्या काठावर येऊन उभे राहिले. एकाने शरीराच्या आत डोकावून निर्णय दिला, दुसऱ्याने बाहेरून.

पहिल्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत दारूगोळा बनविण्याचे काम स्त्रियांच्या हाती आले. लँकशरमधील प्रेस्टन येथे डिक, कर आणि कंपनीचा कारखाना होता. तेथील कामगार मुलींनी १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामना खेळला, तेव्हा दहा हजार लोक आले. पुढील तीन वर्षांत ‘डिक, कर लेडीज’ हा संघ इंग्लंडभर गाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० प्रेक्षक होते, आणि कित्येक हजार लोकांना जागेअभावी बाहेरून परतावे लागले.

या संघात सेंट हेलेन्स गावची लिली पार ही मुलगी होती. १९०५ मध्ये जन्मलेली लिली संघात आली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. सहा फुटांच्या जवळपास उंची, काळेभोर केस, भरभक्कम बांधा, आणि डाव्या पायाचा असा फटका की तिच्याएवढा जोराचा फटका पुरुषांतही क्वचितच पाहायला मिळतो, असे लोक म्हणत. ती सिगारेट ओढी आणि कोणाची भीड ठेवत नसे. त्या काळच्या ‘सुकुमार स्त्री’च्या कल्पनेत तिची एकही बाब बसणारी नव्हती. तरी लोक तिला पाहण्यासाठी तिकीट काढून येत. ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. स्त्रीचे शरीर विशिष्ट घाटाचे असल्याखेरीज प्रेक्षक येणार नाहीत, हा जो युक्तिवाद साओ पावलोने २००१ मध्ये केला, तो ऐंशी वर्षांपूर्वीच गुडिसन पार्कवर खोटा ठरला होता.

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नयेत. धर्मादाय सामन्यांच्या हिशेबाविषयीच्या तक्रारींचाही ठरावात उल्लेख होता. परंतु हिशेबाचा दोष हिशेब तपासून दूर होतो, त्यासाठी खेळ बंद करावा लागत नाही. मुख्य कारण शरीराचे होते, आणि त्यासाठी वैद्यकीय साक्षी गोळा करण्यात आल्या. त्यांतील एक साक्ष आपल्या दृष्टीने विशेष आहे.

ही साक्ष लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील डॉक्टर मेरी शार्लिब यांची होती. फुटबॉल स्त्रीच्या देहाला झेपणारा नाही, असे मत त्यांनी दिले. याच मेरी शार्लिब १८७५ मध्ये मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या चार स्त्रियांपैकी एक होत्या. पतीच्या वकिलीनिमित्त त्या हिंदुस्थानात आल्या. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टराला अंगाला हात लावू देत नाहीत आणि बाळंतपणात मरतात, हे पाहून त्या वैद्यकाकडे वळल्या. पुढे मद्रासमध्ये स्त्रियांसाठी इस्पितळ उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आमच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळवीत होत्या, त्याच पिढीतील हे धैर्य. स्त्रीची बुद्धी शवविच्छेदनाचे शिक्षण सोसू शकेल का, असे विचारणाऱ्यांना ज्या बाईंनी आपल्या कामाने उत्तर दिले, त्यांनीच चाळीस वर्षांनी दुसऱ्या स्त्रियांना सांगितले की हे तुमच्या देहाला सोसणार नाही. यात आम्हांला त्यांचा उपहास करावयाचा नाही. पूर्वग्रह हा केवळ वाईट माणसांचा नसतो, हेच यातून दिसते. स्वतःपुरती एक भिंत पाडलेली व्यक्तीही दुसरी भिंत निसर्गानेच बांधली आहे, असे प्रामाणिकपणे मानू शकते.

मैदाने बंद झाली तरी लिली पार थांबली नाही. प्रेस्टनजवळच्या मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम करीत ती सार्वजनिक बागांत आणि मोकळ्या पटांगणांवर १९५१ पर्यंत खेळत राहिली. ठराव १९७१ पर्यंत टिकला. १९७८ मध्ये लिलीचे निधन झाले. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल-कीर्तिमंदिरात स्थान मिळालेली ती पहिली स्त्री ठरली, आणि २०१९ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा बसविण्यात आला.

इंग्लंडचे हे वळण इतर देशांनीही गिरविले. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने १९५५ मध्ये बंदी घातली, तिची कारणे तर अधिकच बोलकी आहेत. चेंडूसाठी झुंजताना स्त्रीचे लालित्य नाहीसे होते, देह आणि मन यांना अपाय होतो, आणि देहाचे प्रदर्शन सभ्यतेला धरून नाही, असे तिच्यात म्हटले होते. वैद्यकीय आणि सौंदर्यविषयक आक्षेप येथे एकाच वाक्यात मांडीला मांडी लावून बसले. ही बंदी १९७० मध्ये उठली. १९८९ मध्ये याच देशाच्या महिलांनी युरोपीय अजिंक्यपद जिंकले, तेव्हा महासंघाने त्यांना बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबश्यांचा संच दिला. बंदी कागदावरून गेली, तरी घरातील बाईचे चित्र मनातून गेले नव्हते, हे सांगायला याहून निराळा पुरावा नको.

आता ब्राझीलकडे वळू. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांचे फुटबॉल सर्कशीच्या तंबूत करमणुकीचा प्रकार म्हणून दाखविले जाई. १९३० नंतर रिओच्या उपनगरांतून मुलींचे खरे संघ निघू लागले आणि त्यांची चर्चा होऊ लागली. एप्रिल १९४० मध्ये जुझे फुझेइरा नावाच्या नागरिकाने राष्ट्राध्यक्ष झेतुलिओ व्हार्गास यांना पत्र लिहून या ‘संकटा’कडे लक्ष वेधले. भावी मातांचे शरीर या खेळाने बिघडेल, अशी त्याची चिंता होती. पत्र वृत्तपत्रांत छापले गेले, आरोग्यखात्याच्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि १४ एप्रिल १९४१ च्या हुकूमनामा क्रमांक ३१९९ च्या चोपन्नाव्या कलमान्वये, स्त्रियांना त्यांच्या प्रकृतिधर्माशी विसंगत असलेले खेळ खेळण्यास मनाई झाली. त्या कलमात फुटबॉलचे नाव नव्हते. ते १९६५ मध्ये लष्करी राजवटीत स्पष्टपणे घालण्यात आले. इंग्लंडचा ठराव एका संस्थेचा होता, ब्राझीलची मनाई सरकारची होती. ती १९७९ मध्ये उठली, आणि रीतसर स्पर्धांचे नियम व्हायला १९८३ साल उजाडले.

सिसीचा जन्म २ जून १९६७ चा, बाइया राज्यातील एस्प्लानादा या छोट्या गावातला. म्हणजे तिच्या वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तिचा आवडता खेळ तिच्यासाठी बेकायदा होता. गल्लीत मुलगे खेळत आणि तिला घेत नसत. घरी चेंडू नव्हता. तेव्हा आपण बाहुल्यांची डोकी उपटून त्यांचाच चेंडू करीत असू, अशी आठवण तिने पुढे अनेकदा सांगितली आहे. मुलीच्या हाती बाहुली देण्यामागे जो विचार असतो, तो या मुलीने पायाने उडवून लावला, असे कोणी म्हणेल. आम्हांला त्यात त्याहून साधी गोष्ट दिसते. तिला चेंडू हवा होता, आणि जवळ जे गोल होते ते तिने घेतले. किशोरवयातच घर सोडून ती खेळण्यासाठी बाहेर पडली.

१९८८ मध्ये चीनमधील ग्वांगडाँग येथे फिफाने महिलांची एक निमंत्रितांची स्पर्धा प्रयोगादाखल भरविली. तीत ब्राझील तिसरा आला. त्या काळच्या ब्राझीलच्या खेळाडूंना पुरुष संघाचे उतरलेले, अंगावर लोंबणारे कपडे मिळत, हे त्या स्वतःच सांगतात. खेळायला परवानगी मिळाली, पण त्यांच्या अंगाच्या मापाचा सदरा शिवण्याची कोणाला गरज वाटली नाही. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत प्रत्येक सामना नव्वद मिनिटांऐवजी ऐंशी मिनिटांचा ठेवण्यात आला होता. डॉक्टर शार्लिब यांच्या साक्षीला सत्तर वर्षे होऊनही ती अद्याप दहा मिनिटांपुरती शिल्लक होती.

सिसीने १९९५ आणि १९९९ च्या विश्वचषक स्पर्धा तसेच १९९६ व २००० ची ऑलिंपिक गाजविली. तिच्या पाठीवर दहाचा आकडा असे, आणि पेलेच्या देशात त्या आकड्याचे ओझे काय असते हे सांगायला नको. १९९९ च्या स्पर्धेत तिने मेक्सिकोविरुद्ध तीन, इटलीविरुद्ध दोन आणि जर्मनीविरुद्ध एक गोल केला. नायजेरियाविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात ब्राझील ३-० असा पुढे असताना नायजेरियाने बरोबरी साधली. जादा वेळात, १०४ व्या मिनिटाला, सिसीने फ्री-किकवर डाव्या पायाने चेंडू जाळ्यात घातला आणि त्या वेळच्या नियमानुसार सामना तेथेच संपला. महिलांच्या विश्वचषकातील तो पहिला ‘सुवर्णगोल’. त्या क्षणाच्या छायाचित्रांत आणि चित्रफितींत ते मुंडलेले डोके स्पष्ट दिसते.

मुंडलेले डोके म्हटले की मराठी वाचकाच्या मनात दुसरे एक चित्र उभे राहते, त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. आमच्या समाजात विधवेच्या डोक्यावरून वस्तरा फिरविला जाई, तो तिने पुन्हा कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून. त्या केशवपनाविरुद्ध आमच्या सुधारकांनी लेखणी झिजविली, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी हे काम करण्यास नकार दिला. साओ पावलोची मागणी नेमकी उलटी होती; तेथे स्त्रीने नजरेत भरावे म्हणून केस हवे होते. एकीकडे केस सक्तीने काढायचे, दुसरीकडे सक्तीने राखायचे. वरवर पाहता ही दोन टोके आहेत, तरी दोन्हीकडे स्त्रीच्या डोक्याचा विचार तिला पाहणाऱ्याच्या सोयीने झाला. म्हणून सिसीचे डोके आणि आमच्या आलवणातील पणजीचे डोके सारखे दिसले, तरी त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पणजीला कोणी विचारले नव्हते. सिसीला कोणाची परवानगी लागली नाही.

सिसीच्या या गोष्टीला जोड म्हणून दुसऱ्या एका खेळाडूची गोष्ट पाहणे आवश्यक आहे, कारण ती वरवर पाहता तिच्या विरुद्ध आहे. १० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडिना येथे रोझ बाउल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर अमेरिका आणि चीन यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्याच मैदानावर त्याच दिवशी ब्राझीलने नॉर्वेला पेनल्टी फटक्यांवर हरवून तिसरा क्रमांक मिळविला होता. अंतिम सामनाही गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टीवर गेला. अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेन हिने प्रशिक्षकांच्या सूचनेवरून डाव्या पायाने निर्णायक फटका मारला आणि आनंदाच्या भरात सदरा काढून, गुडघ्यांवर बसून, मुठी आवळल्या. आतला काळा स्पोर्ट्स ब्रा जगभरच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर आला. गोल केल्यावर सदरा भिरकावणे पुरुष खेळाडूंना नवे नव्हते. मात्र चॅस्टेनच्या कृतीवर महिनोन् महिने चर्चा झाली. कोणाला ती निर्लज्ज वाटली, कोणाला ती जाहिरातीची युक्ती वाटली.

तिचा आणखी एक प्रसंग याच वर्षीचा आहे. स्पर्धेपूर्वी एका पुरुषांच्या मासिकासाठी तिने केवळ फुटबॉल पुढे धरून विवस्त्र छायाचित्र काढून घेतले होते. त्यावर टीका झाली, तेव्हा या शरीरासाठी आपण धावधाव धावलो आहोत आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे, असे तिने उत्तर दिले. या उत्तरात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. दंडाचे आणि मांडीचे पीळदार स्नायू लपविण्याजोगे नसून कमावलेले आहेत, असे स्त्रीने उघडपणे म्हणण्याची तोवर रीत नव्हती. परंतु ते छायाचित्र ज्या मासिकात आले, त्याचा व्यवसाय स्नायूंच्या कौतुकावर चालत नव्हता, हेही तितकेच खरे. खेळाडूची इच्छा आणि बाजाराची इच्छा एकाच छायाचित्रात कोठे संपते आणि कोठे सुरू होते, याची रेघ ओढणे सोपे नाही, आणि ती ओढण्याचा अधिकार आमच्याकडे आहे असे आम्ही समजत नाही.

योगायोग असा की या दोघी पुढे एकाच संघात आल्या. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेत महिलांची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. सर्व खेळाडूंना वेतन देणारी जगातील पहिली महिला साखळी म्हणून तिची नोंद घेतली जाते. सॅन होजे येथील ‘सायबररेज’ संघात चॅस्टेन होती आणि सिसीही. ऑगस्ट २००१ मध्ये या संघाने पहिलेच विजेतेपद मिळविले. म्हणजे ऑगस्टमध्ये जगातील उत्तम महिला साखळीच्या विजेत्या संघात जी खेळाडू होती, तिच्यासारख्या खेळाडूंना सप्टेंबरमध्ये तिच्याच देशात दार बंद करण्याचे ठरत होते. एक देह उघडा केल्याबद्दल बोल खाणारी, दुसरी केस नसल्याने निकषाबाहेर पडणारी. त्या दोघी एकमेकींना चेंडू देत होत्या. ही साखळी पैशाअभावी २००३ मध्ये बंद पडली, हेही नोंदविले पाहिजे. सिसी कॅलिफोर्नियातच राहिली आणि लहान मुलींना फुटबॉल शिकवू लागली.

नंतरच्या काळात काय झाले, ते थोडक्यात सांगतो. जानेवारी २००४ मध्ये फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी सुचविले की महिला खेळाडूंनी अधिक तंग चड्ड्या घालाव्यात, म्हणजे खेळ अधिक आकर्षक होईल. जगभरच्या खेळाडूंनी त्यावर संताप व्यक्त केला. इकडे त्याच फिफाच्या नियमांमुळे २०११ मध्ये इराणच्या संघाला डोक्याच्या वस्त्रासाठी जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना गमवावा लागला. हा नियम २०१४ मध्ये बदलला, आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. एकीला सांगायचे थोडे उघड, दुसरीला सांगायचे डोके उघडल्याखेरीज खेळू नकोस. २०१५ मध्येही ब्राझीलच्या महासंघातील महिला फुटबॉलच्या समन्वयकाने, आता मुली अधिक सुंदर होऊ लागल्या आहेत, प्रसाधन करू लागल्या आहेत, आणि चड्ड्याही आखूड झाल्या आहेत, असे प्रगतीचे लक्षण म्हणून सांगितले. २००१ चा निकष कागदावर उरला नव्हता, तरी बोलण्यात जिवंत होता.

त्याच वेळी दुसरी एक वाटही दिसू लागली आहे. २०२३ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाने पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या स्वीकारल्या. मासिक पाळीच्या दिवसांत पांढऱ्या वस्त्राची चिंता वाटते, असे खेळाडूंनीच सांगितले होते. पोशाखाचा निर्णय पाहणाऱ्याच्या सोयीने न होता घालणारीच्या सोयीने झाला, म्हणून ही लहानशी गोष्ट आम्हांला मोठी वाटते.

सिसीनंतर ब्राझीलचा दहाचा सदरा मार्ताच्या अंगावर आला. विश्वचषक स्पर्धांत मार्ताने सतरा गोल केले, आणि पुरुष वा स्त्री, कोणाही खेळाडूचे इतके गोल नाहीत. २०१९ च्या स्पर्धेत ती गडद रंगाची लिपस्टिक लावून मैदानात आली. एका सौंदर्यप्रसाधन कंपनीशी तिचा करार होता, तेव्हा येथेही बाजार होताच. पण तिच्या बुटांवर कोणत्याही कंपनीचे चिन्ह नव्हते. स्त्री-पुरुष खेळाडूंना समान मोल मिळावे या मागणीची खूण तिने त्यांवर लावली होती. सिसीचे मुंडलेले डोके आणि मार्ताचे रंगविलेले ओठ यांत एक बंडखोर आणि दुसरे शरणागत, असा निवाडा आम्ही करू इच्छित नाही. सक्तीच्या केसांना जो नकार, तोच सक्तीच्या साधेपणालाही असला पाहिजे. प्रश्न ओठांचा किंवा केसांचा नाहीच. गोल मोजताना तो प्रश्न मध्ये येता कामा नये, एवढेच.

हा विषय दूरच्या देशांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे १९७५ मध्ये महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला, आणि १९८० मध्ये कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या. त्या मुलींची नावे आज आपल्यापैकी कितीजणांना आठवतात? ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भारताच्या मुली भुवनेश्वरला खेळल्या आणि ब्राझीलकडून ५-० अशा हरल्या. उपान्त्य सामने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर झाले, आणि नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला हरवून चषक नेला. आमच्या वाचकांपैकी काहींनी फातोर्ड्याचे ते सामने प्रत्यक्ष पाहिले असतील. मैदानावर त्या मुलींत कोणाची वेणी होती, कोणाचे केस कानाच्या वर कापलेले होते. मुलगी उन्हात काळवंडेल, दंड भरतील, मग स्थळे कशी येतील, हा आपल्या घरांतील प्रश्न हुकूमनाम्यात लिहिलेला नसतो. म्हणूनच तो १९७९ मध्ये किंवा अन्य कोणत्या साली रद्दही करता येत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरीच रद्द व्हावा लागतो.

१७ मे २०२४ रोजी फिफाने २०२७ च्या महिला विश्वचषकाचे यजमानपद ब्राझीलला दिले. दक्षिण अमेरिकेत ही स्पर्धा प्रथमच होत आहे. ज्या देशात स्त्रीने चेंडूला पाय लावणे अडतीस वर्षे कायद्याविरुद्ध होते, त्याच देशाला हा मान मिळाला. साओ पावलो हेही यजमान शहरांपैकी एक आहे. त्या शहरात सामना पाहण्यासाठी येणाऱ्या एखाद्या मुलीचे डोके मुंडलेले असेल, एखादीचे केस कमरेपर्यंत असतील. आणि त्यांतील कोणीही मैदानात उतरू म्हणाली, तर तिला तिचा खेळ सोडून दुसरे काही विचारण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नसावा.